ओटा गेला, वही राहिली

जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. रांजणगावला एमआयडीसी आली आणि इथं वाड्यांच्या जागी भाड्याच्या खोल्यांचे मजले चढले. दुकानाच्या फळ्या एकेक करून काढणारा वाणी आता शटर वर ढकलतो. उधारीची लाल वही मात्र गल्ल्याशेजारीच आहे. तिच्यात आता बीड, नांदेड, बिहारकडची नावं आहेत. वाड्यांबरोबर त्यांचे ओटे गेले याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. नवं बिऱ्हाड गावाला तिथंच कळायचं.

शेजारच्या दौंडला मात्र दुकानांचं घड्याळ रेल्वेचं. मनमाड आणि सोलापूरचे फाटे जिथं फुटतात, त्या भीमाकाठच्या जंक्शनवर चहाची टपरी गाडी बघूनच उघडते.

वाचकहो, आपल्या गल्लीतल्या जुन्या दुकानाचा फोटो आणि चार ओळी आम्हाला जरूर धाडा.