‘अ‍ॅडव्हाइज’ म्हणजे ‘आज्ञा करणें’ नव्हे

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासतांना एक वाक्य आमच्यापुढें वर्षानुवर्षें येत असतें. “माझ्या वडिलांनीं मला थांबण्याचा सल्ला दिला,” ह्या साध्या वाक्याचें इंग्रजी करावयाचें असतें. कोणी क्रियापदांत ‘एस’च्या जागीं ‘सी’ लिहितो, कोणी मध्येंच ‘टु मी’ घुसडतो, कोणी ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’ लिहून मोकळा होतो. एका मुलानें मात्र ह्या सर्व संकटांतून सुटण्याची नामी युक्ति काढली होती. त्यानें ‘अ‍ॅडव्हाइज’ हा शब्दच टाळून त्याच्या जागीं ‘ऑर्डर’ हें क्रियापद घातलें. स्पेलिंग बिनचूक होतें, व्याकरण बिनचूक होतें. गुण द्यावे कीं न द्यावे ह्या विचारांत तांबडी पेन्सिल थोडा वेळ तशीच हातांत राहिली. कारण आपल्या घरची खरी हकीगतच त्यानें लिहिली असावी, असा आम्हांस संशय आला.

स्पेलिंगची गोष्ट आधीं उरकून घेऊं. नाम ‘अ‍ॅडव्हाइस’, त्यांत ‘सी’ असून उच्चार ‘स’ होतो. क्रियापद ‘अ‍ॅडव्हाइज’, त्यांत ‘एस’ असून उच्चार मात्र ‘जवळ’, ‘जोर’ ह्या शब्दांतील ‘ज’च्या जवळपास जातो, ‘जन्म’ किंवा ‘जीव’ ह्यांतील ‘ज’कडे नव्हे. असा दंत्य ‘ज’ आपल्या भाषेंत असल्यामुळें मराठी मुलाच्या कानास हा भेद कठीण वाटूं नये. ‘डिव्हाइस’ व ‘डिव्हाइज’ ही जोडीही अशीच आहे. ज्यास सल्ला द्यावयाचा तो क्रियापदामागून लगेच यावा, मध्यें ‘टु’ नको. ‘टु’ पुढील क्रियेपूर्वीं येतो: ‘ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टु वेट’. हेंच सोंग ‘सजेस्ट’ ह्या क्रियापदास चढवूं नये. ‘ही सजेस्टेड मी टु वेट’ हें इंग्रजी नव्हे. आणि सामान्य अर्थानें ह्या नामाचें अनेकवचन होत नाहीं. मराठींत शेजारी आपणांस चार सल्ले देऊं शकतो. इंग्रजींत त्यास सल्ल्याचे चार तुकडे द्यावे लागतात. व्यापारी पत्रांच्या शेवटीं जें ‘प्लीज अ‍ॅडव्हाइज’ येतें, त्याचा अर्थ बहुधा ‘कृपया कळवावें’ एवढाच असतो. पेढीकडून येणाऱ्या ‘अ‍ॅडव्हाइस’च्या कागदांतही उपदेश कांहीं नसतो, रक्कम जमा झाल्याची वर्दी असते.

परंतु व्याकरण सुधारलें म्हणजे अर्थ सुधारतोच असें नाहीं, आणि आमची खरी तक्रार अर्थाविषयीं आहे.

ह्या शब्दाचें कूळ पाहिलें तर तो मोठा नम्र आहे. जुन्या फ्रेंचमध्यें ‘अव्ही’ म्हणजे मत. आणि त्याच्या मुळाशीं ‘पाहणें’ ह्या अर्थाचा लॅटिन धातु आहे. ‘मला असें दिसतें’ एवढाच मूळचा भाव. मधला ‘डी’ मागाहून, विद्वानांनीं लॅटिनची ऐट आणण्याकरितां घातलेला आहे. पूर्वीं इंग्रजींत ह्या क्रियापदाचा ‘स्वतः विचार करणें’ असाही अर्थ होता. सन १६११च्या इंग्रजी बायबलांत दुसऱ्या शमुवेलाच्या चोविसाव्या अध्यायांत तो त्या अर्थानें आला आहे. ‘अ‍ॅडव्हाइजेडली’ म्हणजे ‘विचारपूर्वक’, ह्या शब्दांत तो अर्थ अजून जिवंत आहे. आपला ‘सल्ला’ अरबींतून आला, ‘मसलत’ही त्याच धातूची, आणि त्या धातूंत ‘चांगलें असणें’, ‘हित’ असा अर्थ आहे. ‘उपदेश’ तर संस्कृतांतील दाखविण्याच्या धातूपासून झाला. ह्यांपैकीं एकाही शब्दाच्या पोटांत काठी नाहीं. एकानें दाखवावें, दुसऱ्यानें पाहावें, आणि चालावयाचें कीं नाहीं हें ज्याचे पाय त्यानें ठरवावें.

आतां कोणी चतुर पालक म्हणतील कीं, राज्यघटनेंत हाच शब्द बंधनकारक आहे, त्याचें काय? आक्षेप योग्य आहे. भारताच्या राज्यघटनेच्या ७४व्या कलमांत मंत्रिमंडळानें राष्ट्रपतींस साहाय्य करावें व सल्ला द्यावा असें आहे, आणि तेथें हेंच क्रियापद योजिलें आहे. राजानें मंत्र्यांच्या सल्ल्यानें चालावें हा इंग्लंडांतील संकेत त्यामागें उभा होता; आणि १९७६ सालच्या ४२व्या दुरुस्तीनें तर राष्ट्रपतींनीं त्या सल्ल्याप्रमाणेंच वागलें पाहिजे, असें स्पष्ट शब्दांत घातलें गेलें. म्हणजे येथें सल्ला हा आज्ञेचा सभ्य पोशाख झाला. तथापि १९७८ सालच्या ४४व्या दुरुस्तीनें राष्ट्रपतींस एक मुभा मिळाली: तो सल्ला फेरविचारासाठीं ते एकदां परत पाठवूं शकतात. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांस घरीं एवढी मुभा मिळाली तरी ते धन्य होतील!

सल्ला कसा द्यावा ह्याचा नमुना पाहावयाचा असेल तर प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय वाचावा. पौल कैदी म्हणून रोमाकडे चालला होता. क्रेत बेटाच्या सुंदर बंदरांत तारू लागलें होतें, आणि हंगाम टळून गेला होता. पुढें गेल्यास मालाची, तारवाची व जिवांचीही हानि होईल, असें पौलानें सांगितलें. शताधिपतीनें त्याच्यापेक्षां तांडेलावर व तारवाच्या धन्यावर अधिक विश्वास ठेविला. बंदर हिवाळा काढावयास गैरसोयीचें, म्हणून बहुतेकांनीं पुढें जाण्याचेंच मत दिलें. १६११च्या भाषांतरांत ‘अ‍ॅडव्हाइज’ हें क्रियापद येथें पौलासाठीं नव्हे, तर ह्या बहुमतासाठीं योजिलें आहे, ही मौज आम्हीं वर्गांत नेहमीं दाखवितों. पुढें वादळ झालें. माझें ऐकावयास हवें होतें, असें पौल एकदां म्हणाला खरा (तोही मनुष्यच होता). परंतु तेवढ्यावर न थांबता त्यानें सर्वांस धीर दिला व अन्न घेण्याची विनंती केली. माल्ट्याच्या किनाऱ्यावर तारू फुटलें, पण त्यांतील २७६ जिवांपैकीं एकही गेला नाहीं. ज्यानें सल्ला दिला तो त्याच तारवांत होता, त्याच लाटांनीं भिजत होता, आणि सल्ला न मानणाऱ्यांवर तो रुसून बसला नाहीं. आम्ही शिक्षक व पालक मात्र बहुधा किनाऱ्यावर उभे राहून बोलतों, आणि मुलानें ऐकलें नाहीं तर, “आतां तुझें तूं पाहा,” म्हणून पाठ फिरवितों.

हें आम्ही दुसऱ्यांस सांगत आहों असें कोणी समजूं नये. कांहीं वर्षांपूर्वीं शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला एक मुलगा वडिलांबरोबर आमच्याकडे आला होता. गणितांत गुण उत्तम. हातीं चित्रांची एक वही. वडिलांनीं विचारलें, “सर, ह्यानें काय करावें?” आम्हीं गुणपत्रक पाहिलें आणि विज्ञानशाखा घ्यावी असें सांगितलें. वडील संतुष्ट झाले, चहा झाला, मंडळी गेली. वही कोणीं उघडली नाहीं. दोन वर्षांनीं त्याचें इंग्रजींत पत्र आलें. आपल्या सल्ल्याप्रमाणें मीं विज्ञान घेतलें, बारावींत दोन विषयांत नापास झालों, आतां काय करावें तें कृपया सांगावें, असा मजकूर होता. ‘अ‍ॅज अ‍ॅडव्हाइज्ड बाय यू’ हे शब्द वाचतांना प्रथम आमच्या मनांत काय आलें, तें सांगावयास लाज वाटते: ‘एस’ बरोबर जागीं आहे, असें आलें. मागाहून त्या दिवशींचें सर्व संभाषण आठवून पाहिलें, तेव्हां ध्यानीं आलें कीं, त्या अर्ध्या तासांत आम्हीं त्या मुलास एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यानें वाक्यांत घातलेलें क्रियापद आमच्या कृत्यास लागू नव्हतें. उत्तरपत्रिकेंत ‘ऑर्डर’ लिहिणारा मुलगा अधिक अचूक होता.

त्यास आम्हीं घरीं बोलाविलें, आणि ह्या वेळीं वही पाहिली. चित्रें बरीं होतीं. असामान्य नव्हतीं, हेंही त्यास सांगितलें, कारण गोड बोलणें म्हणजेही सल्ला नव्हे. पुढें काय करावयाचें तें त्यानें व त्याच्या वडिलांनीं ठरविलें.

लौकरच अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज घेऊन पालक शाळेंत येऊं लागतील. ‘ऐकावें जनाचें, करावें मनाचें’ ही म्हण मुलांस सांगून बिघडवावें असा आमचा हेतु नाहीं. अननुभवी मनाचें सर्वच करण्यासारखें नसतें, आणि वडिलांनीं पाहिलेलें जग मुलानें पाहिलेलें नसतें. शुल्क कोण भरणार हाही प्रश्न खरा आहे. परंतु जे पालक आमच्याकडे विचारावयास येतील त्यांस एक विनंती आहे. प्रथम दहा मिनिटें त्यांनीं बाहेर ओसरीवरच्या बाकावर बसावें व मुलास किंवा मुलीस एकट्यानें आंत पाठवावें. त्यानंतर आम्ही त्यांस सन्मानानें आंत बोलावूं. कोणीं ह्याचा राग मानूं नये.