दुसरा पिकअप बसवण्याआधी

माझा भाचा लग्नसमारंभात वाजवणाऱ्या एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. मागच्या महिन्यात तो गिटार घेऊन घरी आला आणि म्हणाला, "मामू, हिला अजून एक पिकअप बसवतोय. सुताराशी बोलून झालंय. आवाज डबल होईल." गिटार जुनी आहे. एकाच पिकअपची, पैसे साठवून घेतलेली. मी एवढंच विचारलं, "कापलेलं लाकूड परत जोडता येतं का?" तो रुसून गेला.

तरुणपणी ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझी काही वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून लिहितो, कारण ही समजूत त्याची एकट्याची नाही.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. पण पिकअप पूर्ण तार ऐकत नाही. तो ज्या जागी बसला आहे, तिथलीच थरथर ऐकतो. नेककडे बसला तर आवाज भरदार येतो, ब्रिजकडे बसला तर कडक आणि टोकदार.

म्हणून दोन्ही एकत्र चालू केल्यावर आवाज दुप्पट होत नाही. दोन जागांहून आलेल्या काही वरच्या लहरी एकमेकींना खोडून काढतात आणि मधला भाग थोडा खोलगट होतो. तो सूर सुंदर असतो, पण तो वेगळा असतो, मोठा नाही. आवाज मोठा हवा असेल तर पैसे ॲम्प्लिफायरवर घालावेत.

इतिहासही हेच सांगतो. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस आणला, तो एका पिकअपचा. १९६० मध्ये जॅझ बेस आला, त्याला दोन होते. म्हणून पहिला अपुरा ठरला का? मोटाउनच्या कितीतरी गाण्यांचा पाया जेम्स जेमरसन यांनी एका पिकअपच्या प्रिसिजनवरच रचला. उलट जॅको पास्टोरियस यांच्याकडे दोन पिकअपचा जॅझ बेस होता, तरी त्यांचा ओळखीचा सूर मुख्यतः ब्रिजकडच्या पिकअपचा.

मग दुसरा पिकअप बसवूच नये? तसं नाही. स्वस्त, नवी गिटार असेल आणि दोन वेगळे सूर खरंच हवे असतील, तर खुशाल बसवा. प्रिसिजनला ब्रिजकडे जॅझचा पिकअप जोडण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे. फक्त काही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात. जागा सेंटीमीटरभर सरकली तरी सूर बदलतो. पुठ्ठ्याचा साचा कापून तारांखाली धरून पाहा. ब्रिजकडचा जॅझ पिकअप नेककडच्यापेक्षा थोडा लांब असतो, तो विचारून घ्या. प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप स्वतःची घूंघूं स्वतःच मारतो, साधा जॅझ पिकअप मारत नाही. म्हणून खाचेत तांब्याची पट्टी लावून ती अर्थला जोडा. त्याने घूंघूं कमी होते, पूर्ण जात नाही. दोन्ही चालू केल्यावर आवाज पातळ, नाकातला आला तर घाबरू नका. एका पिकअपच्या दोन वायरी उलटवल्या की बहुधा काम होतं.

पण जुन्या वाद्याचं गणित निराळं. वायरी, नॉब, तारा सगळं बदलून पुन्हा पहिल्यासारखं करता येतं. राउटर फिरवून कोरलेली खाच मात्र कायमची. उद्या हे वाद्य विकायची वेळ आली तर तीच खाच दाखवून समोरचा भाव पाडेल, आणि ते पैसे या मुलाने एकेका लग्नात रात्रभर उभं राहून कमावलेले आहेत.

शेवटी मीच त्याला फोन केला. म्हटलं, मित्राची दोन पिकअपची गिटार आठवडाभर माग. एकेक नॉब बंद करून ऐक. तुझ्या गिटारचा पिकअप स्क्रूने थोडा वरखाली करून बघ, तारा बदल, उजवा हात ब्रिजकडे सरकवून वाजव. यातलं काहीच कापावं लागत नाही. इतकं करूनही दुसरा सूर कानातून जात नसेल, तर ये. सुतार तुझा, सोल्डरिंग माझं.

अजून तो आलेला नाही. ऐकतोय म्हणतो.