गणिताच्या अधिवेशनांचा ताळा

उदाहरण सोडवून झाले की ताळा करून पाहावा, ही शिस्त गणिताचे शिक्षक मुलांना प्राथमिक शाळेतच लावतात. वजाबाकी बेरजेने तपासायची, भागाकार गुणाकाराने तपासायचा आणि मगच उत्तराखाली रेघ ओढायची. गणित शिक्षकांसाठी वर्षानुवर्षे भरणारी अधिवेशने, परिषदा आणि प्रशिक्षण वर्ग यांनाही ही शिस्त लावण्याची वेळ आली आहे.

कागदावरचे आकडे आश्वासक आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने ‘निष्ठा’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा प्राथमिक स्तरावरील सुमारे 42 लाख शिक्षक आणि मुख्याध्यापकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला. आता ताळा पाहू. 2024 च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतील जेमतेम 31 टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. आठवीतही हे प्रमाण निम्म्याच्या खालीच राहिले. 2022 च्या तुलनेत पाचवीची स्थिती सुधारली, हे खरे. तरीही दर तीन मुलांमागे दोघांना साधा भागाकार येत नसेल, तर प्रशिक्षणाच्या तासांची बेरीज वर्गापर्यंत पोहोचताना कुठे गळते, हा प्रश्न टाळता येणार नाही.

शिक्षकांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. पदरमोड करून विषयाचा ध्यास घेणाऱ्या शिक्षकांची या देशात वाण कधीच नव्हती. भारतीय गणित अध्यापक संघटना 1965 पासून चेन्नईतून काम करीत आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून गणित आणि विज्ञान कसे शिकवावे याचे संशोधन करीत आहे. महाराष्ट्रात तर याहून उज्ज्वल उदाहरण आहे. नाशिकजवळच्या देवळाली येथे 1930 ते 1962 अशी तीन दशके शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत 6174 या संख्येचा गुणधर्म मांडला. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करीत जावे. अधिकाधिक सात पायऱ्यांत 6174 हीच संख्या हाती येते. पुढे 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. कापरेकर परिषदेला गेले ते काही घेऊन गेले, केवळ ऐकण्यासाठी गेले नाहीत. सारा फरक इथेच आहे.

आजच्या बहुसंख्य अधिवेशनांत शिक्षकाकडे श्रोत्याची भूमिका असते. दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांचे सत्कार होतात, बीजभाषण लांबते, भोजनोत्तर सत्रात पेंगुळलेल्या सभागृहासमोर पडद्यावरच्या चित्रफिती सरकत राहतात आणि शेवटी प्रमाणपत्रांचे वाटप होते. शासकीय प्रशिक्षणाची रीत याहून वेगळी नाही. राज्यस्तरावर काही जणांना शिकवायचे, त्यांनी जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला शिकवायचे. उतरंडीच्या वरच्या मडक्यात ओतलेले पाणी तळाच्या मडक्यापर्यंत किती उरते, हे सांगायला गणिताची गरज नाही. आणि जे उरते तेही बहुधा ‘गणित आनंददायी करा’ अशा उपदेशाच्या स्वरूपात. सोमवारी सकाळी चौथीच्या वर्गात भागाकाराची पायरी कशी समजवावी, याचे उत्तर त्यात नसते.

वास्तविक शिक्षकाजवळ जे धन असते ते अन्य कोणाजवळ नसते. ते म्हणजे मुलांच्या चुका. 612 ला 6 ने भागल्यावर कितीतरी मुले 102 ऐवजी 12 लिहितात. हा आळस नव्हे. दशकस्थानी भाग जात नाही तेथे शून्य मांडावे लागते, हे त्यांना उमगलेले नसते. 0.35 ही संख्या 0.4 पेक्षा मोठी असे सांगणारे मूल पूर्णांकांचा नियम दशांश चिन्हापलीकडे नेत असते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असे लिहिणारे मूल वरच्या-खालच्या अंकांना स्वतंत्र संख्या समजत असते. प्रत्येक चुकीमागे एक तर्क असतो आणि तो ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही. वैद्य रोगाचे निदान न करता औषध देत नाही. मग केवळ उपायांची उधळण करणाऱ्या परिषदांनी काय साधावे?

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले, तेव्हा महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर; लिहिताना मात्र दशक आधी येतो. त्यामुळे लहान मुलांचा गोंधळ होतो, ही अडचण खरी होती. पारंपरिक संख्यानामे हा भाषेचा ठेवा आहे आणि तो विस्मरणात जाऊ नये, ही चिंताही तितकीच खरी होती. पण या प्रश्नाची चर्चा झाली ती विधानसभेतल्या टोमण्यांत आणि मोबाइलवरच्या विनोदांत. दुसरीच्या वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या शिक्षकांचा अनुभव त्या गदारोळात ऐकू आला नाही. शिक्षकांच्या परिषदा अशा प्रश्नांची पुराव्यानिशी छाननी करणारी पीठे असती, तर भाषेचा मान आणि मुलांची सोय या दोन्हींचा मेळ घालणारा विचार तेथूनच पुढे आला असता.

जपानने या बाबतीत घालून दिलेला पाठ पाहण्यासारखा आहे. तेथील शिक्षक एकत्र बसून एकच पाठ बारकाईने आखतात, त्यांतला एक जण तो प्रत्यक्ष वर्गात घेतो आणि बाकीचे मुले कशी विचार करतात याची नोंद करतात. नंतर त्यावर सांगोपांग चर्चा होते आणि पाठ सुधारला जातो. ही परंपरा तेथे शतकाहून जुनी आहे. 1999 मध्ये स्टिग्लर आणि हिबर्ट या अमेरिकी अभ्यासकांच्या ग्रंथाने तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. तीत ना मोठा खर्च आहे, ना झगमगाट. आहे ती केवळ सहकाऱ्यासमोर आपला वर्ग उघडा करण्याची तयारी.

ज्ञानाच्या अशा सामूहिक जतनाचा वारसा या भूमीलाही आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला आणि त्याला दाने मिळाली, याची साक्ष तेराव्या शतकाच्या आरंभीचा तेथील शिलालेख देतो. ‘लीलावती’चा अभिमान सभासंमेलनांतून पुष्कळ व्यक्त होतो आणि तो व्हावाही. परंतु नुसत्या अभिमानाने पाचवीच्या मुलाला भागाकार येत नाही. पूर्वजांनी अध्ययनाची व्यवस्था उभी केली होती, केवळ गौरवाची नव्हे, हे ध्यानी घेतले पाहिजे.

उपाय आवाक्यातले आहेत. अधिवेशनाला येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील मुलांच्या सोडवलेल्या वह्यांची काही पाने आणावीत आणि अर्धा वेळ त्या पानांवर चर्चा व्हावी. एक पाठ सर्वांसमोर मुलांना घेऊन प्रत्यक्ष शिकवला जावा. मागील वर्षी ठरवलेले वर्गात करून पाहिले काय आणि काय घडले, या हिशोबानेच पुढचे अधिवेशन सुरू व्हावे. केंद्रस्तरावर भरणाऱ्या शिक्षण परिषदा यासाठी सर्वांत योग्य, कारण तेथे शेजारच्या शाळांचे शिक्षक भेटतात आणि उतरंडीची गरज उरत नाही. मात्र त्या परिपत्रके वाचून दाखवण्याच्या बैठका होता कामा नयेत.

शासनानेही आपला वाटा उचलावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. या मर्यादेचा आत्मा पाळला गेला, तरच शिक्षकाला सहकाऱ्यांसोबत विचार करण्याची उसंत मिळेल.

आणि समाज? शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. संस्थाचालक, पालक आणि शिक्षण क्षेत्रातील कार्यकर्ते यांनी निकालाच्या टक्केवारीबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा: गुरुजी आणि बाई परिषदेहून परतल्यावर वर्गात काय बदलले? हा प्रश्न शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नाही, तर त्याच्या श्रमाचे चीज व्हावे म्हणून विचारायचा. ज्या दिवशी पाचवीतले शेवटच्या बाकावरचे मूल 612 ला 6 ने भागून निःशंकपणे 102 लिहील आणि 102 ला 6 ने गुणून स्वतःच ताळा करून पाहील, त्या दिवशी अधिवेशनांचाही ताळा जुळेल.