विश्लेषण : घरगुती बार्बेक्यू स्मोकरला रंग कोणता? आतून कोणताच नाही!

खंडाळा-लोणावळ्यातल्या भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिरातींत स्विमिंग पूल, व्हॅली व्ह्यू आणि बार्बेक्यू हे तीन शब्द हमखास असतात. पहिल्या दोन गोष्टींना बक्कळ पैसा लागतो, तिसरी वेल्डिंगच्या दुकानातही तयार होते. २०० लिटरचे लोखंडी पिंप उभे चिरून दोन भाग करायचे, बिजागऱ्या आणि मूठ जोडायची, आत सळ्यांची जाळी, खाली अँगलचे पाय, वर छोटे धुराडे. काम संपत आले की रंगाचा प्रश्न येतो आणि तिथे गल्लत होते. दुकानात उरलेला काळा ऑइल पेंट आतून-बाहेरून फासला जातो. जरा चौकस मालक असेल तर तो उष्णतारोधक रंगाचा डबा आणून देतो आणि मग तोही आतून-बाहेरून फासला जातो. पहिली चूक पहिल्याच वापरात धूर आणि फोडांच्या रूपाने उघडी पडते. दुसरी चटकन दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट. अन्न ज्या बाजूला असते त्या बाजूला कोणताही रंग नको, मग डब्यावर कितीही अंश सेल्सियस छापलेले असोत, असे माझे मत आहे. त्याची कारणे रसायनशास्त्रात आहेत, तशीच आपल्या स्वयंपाकघरातही आहेत.

पत्रा नेमका किती तापतो?

स्मोकर म्हणजे शेगडी नव्हे. शेगडीवर कणीस किंवा कोंबडी थेट निखाऱ्यावर भाजतात. स्मोकरमध्ये विस्तव एका बाजूला असतो, झाकण बंद असते आणि पदार्थ साधारण १०५ ते १३५ अंशांच्या गरम धुरात तासन्तास मुरतो. म्हणजे झाकणाचा पत्रा फार तापत नाही. विस्तवाच्या कप्प्याचा पत्रा मात्र ३००-४०० अंशांपर्यंत सहज जातो आणि निखारे टेकले तर त्याहूनही वर. पाय तर हाताला जेमतेम कोमट लागतात. एकाच वस्तूचे हे तीन प्रदेश आहेत आणि तिन्हींना एकच रंग पुरेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

ऑइल पेंट, पावडर कोटिंग, सिल्व्हर

ज्याला आपण ऑइल पेंट म्हणतो तो सिंथेटिक इनॅमल. त्याचा पाया अल्किड राळेचा, म्हणजे सेंद्रिय. शंभर-दीडशे अंशांच्या पुढे तो पिवळा पडतो, मऊ होतो, मग जळतो. त्याखालचा नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमरही याच जातकुळीचा. त्यामुळे वर भारी उष्णतारोधक रंग आणि खाली सवयीने मारलेला रेड ऑक्साइड असेल, तर खालचा थर जळतो आणि वरचा पापुद्र्यासारखा सुटतो. रंग चांगला नव्हता म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो, दोष असतो प्रायमरचा.

पावडर कोटिंग दिसते छान, पण पॉलिएस्टर पावडर साधारण १८० ते २०० अंशांवरच भट्टीत पिकवतात. ज्या तापमानाला ती तयार होते, त्याच्या दुप्पट तापमानात ती टिकेल कशी?

'इनॅमल' या शब्दानेही घोळ होतो. डब्यातला इनॅमल म्हणजे रंग. पांढऱ्या टमरेलावरचे किंवा निळ्या काठाच्या जुन्या ताटावरचे इनॅमल म्हणजे लोखंडावर सुमारे ८०० अंशांवर वितळवून बसवलेली काच. अमेरिकेत जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये समुद्रातल्या तरंगत्या बोयाचा गोल कापून 'वेबर'ची झाकणवाली किटली बनवली. आज या किटल्यांवर असते ते हे काचेचे इनॅमल. ते आतूनही चालते, पण त्याला भट्टी लागते. वेल्डिंगच्या दुकानात ते होणे नाही.

उरतो सिलिकॉन राळेवर आधारलेला उष्णतारोधक रंग. काळा किंवा ॲल्युमिनियमची पूड घातलेला चंदेरी, ज्याला बाजारात नुसते 'सिल्व्हर' म्हणतात. त्याच्या रेणूचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो. खूप तापल्यावर त्यातला सेंद्रिय भाग जळून जातो, पण मागे राहिलेला वाळूसारखा सिलिकाचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या चकत्यांना धरून ठेवतो. ॲल्युमिनियमच्या उष्णतारोधक रंगासाठी 'आयएस १३१८३' हे भारतीय मानक आहे आणि त्यात तापमानानुसार प्रती आहेत : ६००, ४०० आणि २०० अंश. नुसते 'हीट रेझिस्टंट' वाचून समाधान मानू नये, कोणती प्रत आहे ते डब्यावर पाहावे. पुण्यात बोहरी आळीत किंवा औद्योगिक रंगांच्या कोणत्याही दुकानात हे मागता येते. साधा सिल्व्हर, जो घराच्या ग्रिलला मारतात, तो हा नव्हे.

डब्यावर ठळक छापलेले नसते ते वेगळेच. हा रंग नुसता वाळून चालत नाही, तो भाजावा लागतो. बहुतेक सिलिकॉन रंगांना पूर्ण पिकायला २०० अंश किंवा थोडे जास्त तापमान अर्धा-एक तास लागते. तोवर तो नखानेही खरवडतो. दुसरे, थर पातळच हवा, वाळल्यावर २०-२५ मायक्रॉनचा. 'दोन हात जास्त मार, टिकेल' हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटतो. जाड थराला फोड येतात. आणि तिसरे, ज्या भागाला २०० अंश कधी लाभतच नाहीत, म्हणजे पाय आणि खालचा रॅक, तिथे हा महागडा रंग कच्चाच राहतो आणि गंजापासून वाचवत नाही. पायांना सरळ रेड ऑक्साइड आणि ऑइल पेंट मारावा. तिथे तोच शहाणपणाचा.

मग आतून काय?

तेल. बिडाचा नवा तवा घरी आला की त्याला तेल चोळून, तापवून, पुन्हा चोळून 'तयार' करतात. तेलाचा पातळ थर उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट, काळा, चकचकीत होतो. स्मोकरच्या पोटाला तेच हवे. पत्रा वायर ब्रशने घासून, साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडा करून शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, फडक्याने पुसून घ्यायचा आणि झाकण लावून दोन-तीन तास विस्तव ठेवायचा. पुढे प्रत्येक वापरात धूर आणि चरबी या थरात भर घालतात. जवसाचे तेल कडक थर देते, पण तो पोपडे धरतो असा अनुभव सांगणारे पुष्कळ आहेत.

आतून उष्णतारोधक रंग लावला तर बिघडते काय? तो आग सोसतो, पण जाळी घासताना, उलथने लागल्यावर, चरबी साचल्यावर त्याचे कण सुटतात आणि सुटलेले कण पडतात ते ताटात. हा रंग धुराड्यांसाठी आणि एक्झॉस्ट पाइपांसाठी बनलेला आहे, अन्नासाठी नाही. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. औद्योगिक रंग त्या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. आपल्या आज्या चुलीवरच्या पातेल्याला बुडाशी माती-राखेचा हात देत तो बाहेरून. आतून देत नसत. आतून कल्हई असे, आणि कल्हईचे कथील २३२ अंशांवर वितळते, म्हणून स्मोकरसाठी तीही बाद.

रंगाच्या आधी पिंपाची चौकशी

मला रंगापेक्षा जास्त काळजी पिंपाची वाटते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांना लागून असलेल्या या पट्ट्यात रिकामी पिंपे भंगारात सहज मिळतात. त्यात आधी काय होते हे पिंपावर लिहिलेले असतेच असे नाही. घातक रसायने राहिलेली रिकामी पिंपे २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यातच मोडतात. ती भाजायचे भांडे म्हणून विकणे हा जुगाड नव्हे, बेपर्वाई आहे. बऱ्याच पिंपांना आतून इपॉक्सीसारखा लेप असतो, तो विस्तवावर जळून धुरात आणि पदार्थात उतरतो. शिवाय सॉल्व्हंटची वाफ राहिलेल्या पिंपावर ग्राइंडर किंवा गॅस कटर चालवला की स्फोट होऊ शकतो, आणि तेव्हा समोर बंगल्याचा मालक नसतो, कारागीर असतो. स्वस्तात काम हवे म्हणणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे.

जी. आय. पत्र्याबद्दलही हेच. त्यावरचा जस्ताचा थर २०० अंशांच्या वर टिकत नाही, जस्त ४२० अंशांवर वितळते आणि वेल्डिंगच्या वेळी निघणाऱ्या जस्ताच्या धुराने कारागिराला थंडीताप भरतो. कोळशासाठी जी. आय. घमेले वापरू नये. ३ मिलिमीटरचा नवा साधा लोखंडी पत्रा जड होतो, पण पिंपाच्या मिलिमीटरभर पत्र्यापेक्षा उष्णता नीट धरतो आणि गंजला तरी लवकर भोक पडत नाही. खर्च जास्त येतो, हे मान्य. ३०४ स्टेनलेस परवडत असेल तर रंगाचा प्रश्नच मिटतो. तापून निळसर-सोनेरी होते एवढेच.

खंडाळ्यात खरी परीक्षा जूनपासून

आगीने स्मोकर खराब होतो असे वाटते, पण घाटमाथ्यावर तो खराब होतो पावसाने. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने हवेतला दमट धुक्याचा पडदा हटत नाही. उष्णतारोधक रंगाचा थर पातळ असतो, त्यामुळे घराच्या गेटवरच्या रंगासारखे गंजाशी झुंजणे त्याला जमत नाही. त्यात तळाशी राख तशीच राहिली तर ती ओल धरून ठेवते आणि पत्रा खालून, आतून कुरतडला जातो. गंजून भोक पडते ते बहुतेकदा इथेच. म्हणून दर वापरानंतर राख काढणे हे रंगाइतकेच महत्त्वाचे. तळाला पाणी निघायला छोटे छिद्र हवे. पावसाळ्यात झाकण घट्ट बंद करून वर प्लॅस्टिक गुंडाळू नये; आत बुरशी धरते. जरा फट ठेवून पत्र्याच्या शेडखाली ठेवावा. भर पावसात कुणी पेटता स्मोकर खोलीत किंवा बंद गॅलरीत ओढू लागले तर तिथल्या तिथे थांबवावे, कारण कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रंगकाम एप्रिल-मेमध्ये उरकावे. दमट पत्र्यावर रंग मारला की गंज रंगाखालीच सुरू होतो आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे निघतात. जुना रंग आणि गंज वायर ब्रशने, जमल्यास सँड ब्लास्टिंगने, पूर्ण उतरवावा, थिनरने पुसावे आणि त्याच दिवशी पहिला पातळ हात द्यावा. दुसरा हात डब्यावरच्या सूचनेनुसार. मग रिकाम्या स्मोकरमध्ये, पदार्थ न ठेवता, विस्तव हळूहळू वाढवत नेऊन रंग भाजून घ्यावा. त्या वेळी येणारा धूर आणि वास रंगाचाच असतो. पाहुणे त्या दिवशी बोलावू नयेत.

फॅब्रिकेटरकडे काम टाकताना दोनच गोष्टी विचारायच्या : पिंपात आधी काय होते, आणि बाहेरच्या रंगाचा डबा कुठे आहे. पहिल्याचे ठाम उत्तर मिळाले नाही तर नवा पत्रा कापायला सांगावा. दुसऱ्याचे उत्तर 'साहेब, सिल्व्हरच आहे' असे आले तर डबा हातात घेऊन त्यावरचा आकडा वाचावा.