परळीचा दिवा आणि तमनारचा कोळसा

आम्हां धाराशिवकरांस परळी परकी नाहीं. वैजनाथाच्या दर्शनास घरांतील वडील मंडळी अजून जातात, आणि औष्णिक विद्युत् केंद्राचीं धुराडीं दिसूं लागलीं म्हणजे मुलें 'आली परळी' म्हणून ओरडतात. २०१५ च्या दुष्काळांत हें केंद्र पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें, तेव्हां विजेस पाणी लागतें हें सर्वांस कळलें. कोळसा कोठून यावयाचा, याचा विचार मात्र क्वचितच कोणीं केला असेल. तोच विषय या खेपेस वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

छत्तीसगडांतील रायगड जिल्ह्यांत (आपला कोंकणांतील नव्हे) तमनार तालुका आहे. तेथील गारे-पेलमा सेक्टर दोन हा कोळशाचा पट्टा २०१५ सालीं महाराष्ट्राच्या महानिर्मिति कंपनीस मिळाला. कोळसा जाळावयाचा कोराडी, चंद्रपूर आणि परळी येथें. पट्टा चौदा गांवांचा, आणि खोदाई वर्षास २ कोटी ३६ लक्ष टनांपर्यंत. तेथील लोकांत मोठा भाग आदिवासींचा. शेती, मोह आणि तेंदूपत्ता यांवर त्यांचा संसार चालतो.

अशा खाणीस मंजुरी देण्यापूर्वीं जनसुनावणी घेतली पाहिजे, असा नियम आहे. 'सुनावणें' हा धातु प्रयोजक आहे. त्याचा अर्थ ऐकविणें. ऐकविणारा कोण आणि ऐकणारा कोण, येवढ्यावरच तमनारचे खटले उभे राहिले आहेत!

पहिला खटला जिंदाल कंपनीच्या खाणीचा. जानेवारी २००८ मधील तिची जनसुनावणी लाठीमारानें गाजली. आदिवासी मजदूर किसान एकता संघटनेनें दाद मागितली, आणि २० एप्रिल २०१२ रोजीं राष्ट्रीय हरित लवादानें ती सुनावणी म्हणजे निव्वळ थट्टा ठरवून मंजुरी रद्द केली. या लढ्यांतील रमेश अग्रवाल हे गृहस्थ आदिवासी नव्हेत, वकीलहि नव्हेत. रायगड शहरांत त्यांचें इंटरनेटचें लहानसें दुकान. सरकारी कागद माहितीच्या अधिकारानें मिळवावे, त्यांत काय लिहिलें आहे तें गांवकऱ्यांस समजावून सांगावें, हा त्यांचा उद्योग. निकालास तीन महिने होतात न होतात तोंच दुकानांत शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. मांडीचें हाड मोडलें, पण जीव वांचला. २०१४ सालीं त्यांस गोल्डमन पारितोषिक मिळालें.

दुसरा खटला आपल्या महानिर्मितीच्या पट्ट्याचा. २०२२ च्या जुलैंत मिळालेली मंजुरी लवादानें जानेवारी २०२४ मध्यें रद्द केली. सुनावणी नीट झाली नाहीं आणि लोकांच्या आरोग्याविषयींचा अहवाल विचारांत घेतला नाहीं, हीं त्याचीं कारणें. गांवकरी जिंकले. परंतु त्याच वर्षीं ऑगस्टांत केंद्र सरकारनें पुन्हां मंजुरी दिली, आणि जून २०२५ मध्यें मुडागांव येथें पोलिसांच्या पहाऱ्यांत झाडें तोडलीं गेलीं. ऑस्ट्रेलियांतहि असाच प्रकार घडला. टिवी बेटांच्या मूलनिवासींनीं सांतोस कंपनीच्या समुद्रांतील वायुविहिरींची परवानगी २०२२ सालीं न्यायालयांत रद्द करविली, तों पुढच्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीनें नवी परवानगी मिळविली.

मग दिवे विझवून बसावें काय, असें कोणी विचारील. आम्ही तसें म्हणत नाहीं. मात्र ज्यांचें शेत आणि रान त्या दिव्यापायीं जाणार, त्यांचें बोलणें एकदां तरी मन लावून ऐकून घेतलें पाहिजे, ही मागणी कांहीं अवाजवी नाहीं.

ज्यांस साहाय्य करावयाचें असेल त्यांनीं एक अडचण ध्यानांत घ्यावी. मंजुरीविरुद्ध लवादाकडे जाण्यास मुदत अवघी ३० दिवसांची. सबळ कारण दाखविल्यास आणखी ६०. लोकांस त्यांच्या भाषेंत मिळतो तो सारांश. मूळ अहवाल इंग्रजींत, शेंकडों पानांचा. नांगर सोडून तो कोणीं वाचावा? आपल्या कुटुंबांत निवृत्त इंजिनिअर आहेत, वकील आहेत, आंकड्यांत मुरलेले हिशेबनीस आहेत. त्यांनीं चार संध्याकाळ अशा अहवालास दिल्या, तर वकिलाच्या हातीं नेमके मुद्दे वेळेंत पडतील. पैशाची मदतहि हवीच, परंतु असें वाचणारें माणूस अधिक दुर्मिळ.

आणखी एक काम घरबसल्या होण्यासारखें आहे. महानिर्मिति ही महाराष्ट्र सरकारची कंपनी. परळीच्या कोळशासाठीं त्या चौदा गांवांपैकीं किती ग्रामसभांनीं संमति दिली, हें आपल्या आमदारांस पत्र घालून विचारावें. तमनारकर महाराष्ट्राचे मतदार नाहींत. हें पत्र त्यांना लिहितां येत नाहीं.