लघुग्रहाचा ठावठिकाणा

जालना जिल्ह्यातील मंठा तालुक्याची सीमा ओलांडली, की बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर फार दूर राहत नाही. बेसॉल्टच्या कठीण खडकातील हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा म्हणजे आकाशातून कोसळलेल्या पाषाणाने सोडलेली खूण होय. आज तसा एखादा पाषाण पृथ्वीच्या रोखाने निघाला, तर त्याची वार्ता आगाऊ मिळेल काय? आधी तो दृष्टीस पडला पाहिजे. त्यानंतर सारी भिस्त त्याचे आकाशातील स्थान किती काटेकोरपणे मोजले जाते, यावर असते.

लघुग्रह दुर्बिणीतून ताऱ्यासारखाच एक ठिपका दिसतो. त्याचे स्थान भोवतालच्या ताऱ्यांच्या आधारे ठरते. युरोपच्या ‘गाया’ यानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची सूची सिद्ध केली आहे. तिच्याशी छायाचित्र पडताळून, अचूक वेळेसह स्थान नोंदवले जाते. हे माप कोनीय सेकंदांत असते. एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. सुमारे साडेचार किलोमीटरवर ठेवलेले रुपयाचे नाणे दिसेल, तेवढाच.

पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह वेगाने सरकतात, आणि खरी अडचण येथेच आहे. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवली, तर लघुग्रहाची रेघ उमटते आणि त्याचा मंद प्रकाश विखुरतो. ती लघुग्रहाच्या गतीने फिरवली, तर तो ठिपकाच राहतो. परंतु आधाराचे तारे रेघा होऊन बसतात. या रेघांतूनच ताऱ्यांची स्थाने शोधणारी ‘अ‍ॅस्ट्रीक्स’ ही संगणकीय पद्धती आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह विकसित केली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. लडाखमधील हानले येथील ७० सेंटीमीटर व्यासाच्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीने टिपलेल्या ११५ लघुग्रहांच्या ३७१ छायाचित्रांवर तिची कसोटी घेण्यात आली. प्रत्येक छायाचित्रातून स्थान मिळाले. गणिताने काढलेले स्थान आणि प्रत्यक्ष मोजलेले स्थान यांतील प्रमाण विचलन सुमारे अर्धा कोनीय सेकंद होते.

एवढ्या सूक्ष्म ताळमेळाचे मोल २०२५ च्या आरंभी जगाला कळले. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील दुर्बिणीने ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह शोधला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीपर्यंत ३.१ टक्क्यांवर पोहोचली. आघाताच्या संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होता. साहजिकच अनेक मने धास्तावली. मात्र पुढील मोजमापे हाती येताच, अवघ्या आठवडाभरात ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली.

आधी वाढ आणि मग घट, यात विसंगती नव्हती. लघुग्रह त्या दिवशी कोठे असेल, याविषयीच्या अनिश्चिततेचा पट्टा प्रत्येक नव्या नोंदीबरोबर अरुंद होत होता. पृथ्वी त्या पट्ट्यात होती तोवर तिचा वाटा वाढत गेला. पट्टा आणखी आक्रसला तेव्हा ती बाहेर पडली. लघुग्रहाचा मार्ग बदलला नव्हता. त्याविषयीचे ज्ञान वाढले होते.

म्हणून अशी बातमी पुन्हा कानी येईल, तेव्हा टक्केवारीने हादरून जाण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: हे अनुमान किती दिवसांच्या नोंदींवर आधारलेले आहे? थोड्या नोंदींवरचे अनुमान हा कच्चा हिशेब असतो. तो दुर्लक्षू नये, पण अंतिमही मानू नये.