मुलाखतीआधी स्वतःचा हिशेब



झाशीचा वॅगन दुरुस्ती कारखाना १८९५ सालचा. १ एप्रिल २००३ रोजी उत्तर मध्य रेल्वे सुरू होईपर्यंत झाशी विभाग मध्य रेल्वेतच होता. मुंबई-भुसावळच्या कामगारांशी त्याचे नाते एकाच घरचे. या कारखान्यात आयटीआय झालेली मुले ॲप्रेंटिस म्हणून वर्षभर घाम गाळतात. कामगारांच्या घरची मुलेही त्यांत असतात.

वर्ष संपल्यावर पुढे काय? नोकरी आपोआप मिळत नाही. रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत अशा ॲप्रेंटिसना २० टक्के जागा राखीव आहेत, पण परीक्षा द्यावीच लागते. केंद्र सरकारच्या गट 'क' भरतीतील मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद झाल्या. तोंड पाहून गुण देण्याला त्यामुळे आळा बसला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र ज्यांना रेल्वेत जागा मिळत नाही, ती मुले खाजगी कारखान्यांच्या दारात उभी राहतात. तिथे मुलाखत चुकत नाही.

आणि तिथेच आपली मुले मागे पडतात. "काय येते?" असे विचारले की उत्तर मिळते, "फिटरचे काम येते, साहेब." बस्स! वर्षभर बोगी उघडली, ब्रेक गिअर जोडले, ब्रेक पाइपमध्ये ५ किलोचा दाब घेऊन गळती शोधली. यातले एक अक्षर तोंडातून निघत नाही. आपल्या तोंडाने आपली थोरवी सांगू नये, हा आपल्या घरचा संस्कार. तो चांगलाच आहे. पण केलेले काम नेमके सांगणे म्हणजे बढाई नव्हे.

यासाठी आमचे सांगणे एवढेच की, मुलाखतीआधी आठवडाभर एक वही घ्यावी आणि पानावर चार रकाने आखावेत. पहिल्यात केलेले काम. दुसऱ्यात ते एकट्याने केले की कोणाच्या देखरेखीखाली. तिसऱ्यात त्याचा पुरावा, म्हणजे प्रमाणपत्र, नोंदवही किंवा हाताखाली घेणारा मिस्त्री. चौथ्यात जे येत नाही ते. मग जाहिरातीत मागितलेली कामे एकेक करून या वहीशी ताडून पाहावीत.

खरी कसोटी चौथ्या रकान्याची आहे. सिग्नल दिसत नसेल किंवा नीट दाखवलेला नसेल, तर तो सर्वात कडक अर्थाने घ्यायचा, हे रेल्वे कामगाराला शिकवावे लागत नाही. स्वतःला तपासतानाही हाच नियम लावावा. जिथे शंका आहे, तिथे "येत नाही" असेच लिहावे. मुलाखतीला अजून दिवस असतील तर ते शिकून घेता येते. नसतील तर "हे मी केलेले नाही, पण त्याच्या जवळचे अमुक काम केले आहे" असे सरळ सांगता येते. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर पुढच्याच प्रश्नाला उघडे पडते.

ही वही नोकरीत असलेल्यांच्याही कामाची आहे. खात्यांतर्गत बढतीच्या वेळी गोपनीय अहवालाचे वजन पडते. २००८ च्या देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अहवालातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. त्यानंतर १४ मे २००९ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने पूर्ण अहवाल दाखवणे आणि १५ दिवसांत म्हणणे मांडण्याची संधी देणे ठरले. ज्याने वर्षभराच्या कामाची नोंद ठेवली आहे, त्यालाच हे म्हणणे नीट मांडता येते. मग तो कारखान्यातला असो, आरएमएसचा असो की टपाल काउंटरवरचा.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. स्वतःला तपासणे म्हणजे स्वतःला दोष देणे नव्हे. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, कायम कामे कंत्राटावर जातात, हा काही आपल्या मुलांचा दोष नाही. त्या लढ्याची जागा या वहीने घेता कामा नये.

म्हणून शाखांना आमची सूचना आहे. महिन्यातून एक संध्याकाळ युनियनच्या कार्यालयात सराव-मुलाखत ठेवा. निवृत्त मिस्त्री आणि पोस्टमास्तर यांना प्रश्न विचारायला बसवा. तीस वर्षे काम केलेल्या माणसासमोर जो मुलगा आपले काम नीट सांगू शकेल, तो कोणत्याही साहेबासमोर अडखळणार नाही.